चार वाजताची भरती

दादा, तुझ्या तेरवीला लोक हसले.

रागावू नकोस. पंगती उठल्या होत्या, मांडवात जीव नको करणारा उकाडा होता, आणि आपले बापूकाका उठून उभे राहिले. त्यांना गप्प बसवेल असा माणूस आपल्या किन्हीराजा गावात अजून जन्माला यायचा आहे. त्यांनी तुझी समुद्राची गोष्ट सुरू केली. धोतर गुडघ्याच्या वर धरून, पाण्यात उभं असल्यासारखं उभं राहून दाखवलं. "मावशी, मले वाटलं पोलीस भरती हाय!" हे वाक्य आलं आणि अख्खा मांडव हसला. तू असतास तर काकांना मध्येच थांबवून पुढचं स्वतःच सांगितलं असतंस.

मी हसलो नाही. त्या गोष्टीतला माणूस चुकीचा आहे. समुद्राच्या भरतीला पोलीस भरती समजणारा शहाणा तू नव्हतास, मी होतो. हे तुला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि दोन वर्षं आपण दोघांनीही ते तोंडातून काढलं नाही. तू का काढलं नाहीस ते मला कळत नव्हतं. मी का काढलं नाही ते मात्र चांगलं कळतं. भित्रा होतो म्हणून.

लोक म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं. तुझ्याबद्दल चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत. तुझं वय, तुझं शेत, त्या दिवशी दवाखान्यात काय झालं, हे सगळं पाहुण्यांना सांगून सांगून माझी जीभ दुखली आहे. ते इथे नको. मला त्या आठ दिवसांबद्दल बोलायचं आहे.

तू तीस वर्षं आपल्या वाशिमकडच्या मालेगाव ते शिरपूर रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवलीस. देवळाचे यात्रेकरू, बाजाराची माणसं, बाळंतिणी, नवरदेव, सगळे तुझ्या मागच्या सीटवर बसून गेले. परमिट संपलं आणि जीप घरी उभी राहिली, त्या उन्हाळ्यात ओसरीवर चहा पिता पिता तू म्हणालास, "तीस वर्स मी लोकाइले इचारलं, कुठी जायचं हाय? मले कोनी इचारलं नाही."

वहिनींनी विचारलं, "मंग तुमाले कुठी जायचं हाय?"

"समुद्रावर."

"मे मईन्यात?"

"मंग काय दिवाईत समुद्र जास्तीचा अस्ते का?"

वहिनी म्हणाल्या, हॉटेलात राहायचं असेल तर मी येत नाही, मला परक्या गादीवर झोप लागत नाही. तू म्हणालास, हॉटेल कायले पाह्यजे, ताडपत्री हाय ना. सोयाबीन झाकायची ती निळी ताडपत्री, चार बांबू, मच्छरदाणी, दोन सतरंज्या, स्टोव्ह, पाण्याचे दोन कॅन. माझी बायको पोरांना घेऊन माहेरी, धनजला गेलेली होती, म्हणून मीही दुकानाचं शटर ओढलं आणि निघालो. आणि जीपचं मागचं दार उघडल्याबरोबर आपला कुत्रा ढेप्या कुणी न बोलावता आत जाऊन बसला. लहानपणी तो गोठ्यात सरकीच्या ढेपेच्या पोत्यावर झोपायचा आणि रंगही तसाच, म्हणून ढेप्या. त्याला उतरवायला वहिनींनी भाकरी दाखवली. त्यानं भाकरी घेतली, आत बसूनच खाल्ली. तू म्हणालास, "त्यानं तिकीट काढलं, आता उतरवता येत नाही."

शेवटचं सामान तू स्वतः भरलंस. गोवऱ्यांचं एक पोतं. रोडगे खायचे तर समुद्रावर खायचे, आणि कणकेचे ते जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यातच भाजले पाहिजेत, हा तुझा हट्ट. मी म्हणालो, कोकणात लाकूड मिळत नाही का? तू माझ्याकडे असं पाहिलंस, जसं काही मी तुपाऐवजी पाणी घाला म्हणालो होतो.

घाटाच्या तोंडाशी पोलिसानं गाडी अडवली, आठवतं? काठीनं पोतं दाबून विचारलं, "यात काय आहे?" तू म्हणालास, गोवऱ्या. "कुठे निघालात?" समुद्रावर. तो माणूस बराच वेळ तुझ्याकडे, मग वहिनींकडे, मग ढेप्याकडे पाहत राहिला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "कुणी वारलंय का?" तू एवढा हसलास की तुला ठसका लागला. आज ते आठवून मला हसू येत नाही, पण तू हसत होतास हे आठवून बरं वाटतं.

घाट उतरलो तसा शर्ट अंगाला चिकटला. आपल्याकडचं ऊन आपल्याला माहीत. डोक्याला दुपट्टा बांधला, खिशात कांदा ठेवला, की माणूस दुपारीही शेतात जातो. इथे सावलीत बसूनही घाम वाळत नव्हता. तू खिडकीतून हात बाहेर काढून म्हणालास, "आपलं ऊन भाजते. हे शिजवते." यावरून आपलं भांडण झालं. मी म्हणत होतो आपलं ऊन जास्त वाईट, तू म्हणत होतास यांचं. तीन दिवस चाललं. ते भांडण मिटलं नाही, आणि आता मीच एकटा उरलो म्हणून मी जिंकलो असं मी मानत नाही.

समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा तू गाडी थांबवलीस आणि उतरलाच नाहीस. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिलास. वहिनी म्हणाल्या, उतरा ना. तू म्हणालास, "थांब. एवढं एकदम नाही पाहता येत." मग किनाऱ्याकिनाऱ्यानं दक्षिणेकडे निघालो. सकाळी गाडी चालवायची, ऊन चढलं की झाडं बघून ताडपत्री बांधायची. एका खाडीवर जीपसकट बोटीवर चढायचं होतं. जीप पाण्यावरून जाते हेच तुला मान्य नव्हतं. बोट सुटल्यावर तू ढेप्याला घट्ट धरून बसलास आणि म्हणालास, "त्याले भेव वाटून राह्यलं." ढेप्या आरामात जीभ काढून मासळीचा वास घेत होता.

पाचव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला आपण त्या किनाऱ्यावर पोचलो. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांनी आपलं भलंच केलं, पण आपली शोभा त्यांच्या नावावर कशाला? लांबच लांब किनारा. वर मऊ वाळू, मग सुरूची झाडं. खाली, पाण्याच्या बाजूला, वाळू डांबरी रस्त्यासारखी टणक. तू जीप मधोमध उभी केलीस आणि मला सरबत आणायला पिटाळलंस.

सुरूच्या सावलीत एक म्हातारी कोकमाचं सरबत विकत होती. तिनं ग्लास भरता भरता जीपकडे बोट केलं आणि म्हणाली, "गाडी वर घ्या हो तेवढी. चारला भरती आहे."

दादा, तिचे शब्द एवढेच होते. आता माझ्या डोक्यात काय झालं ते सांगतो.

त्याच वेळी समोरून सात-आठ पोरं हाफपँट घालून वाळूवर धावत गेली. एकाच्या हातात मोबाइल, तो वेळ मोजत होता. भरती हा शब्द मी माझ्या आयुष्यात कशासाठी ऐकला आहे? तीन वर्षं मी पहाटे किन्हीराजाच्या रोडवर सोळाशे मीटर धावलो आणि तू मोटारसायकल घेऊन, हातात घड्याळ धरून माझ्यामागे आलास. पहिल्या वर्षी छाती कमी पडली. दुसऱ्या वर्षी गोळाफेक. तिसऱ्या वर्षी एका मार्कानं यादीच्या बाहेर राहिलो. त्यानंतर तूच स्टँडवरच्या गाळ्यात कॉम्प्युटर बसवून दिलास, आणि तेव्हापासून मी दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांचे भरतीचे फॉर्म भरतो. पाण्यालाही भरती येते हे शाळेच्या पुस्तकात वाचलं असणारच. पण वाशिम जिल्ह्यात ते पाणी येणार कुठून? माझ्या कानात दुसरी भरती बसलेली होती.

मी पळत तुझ्याकडे आलो. वहिनी मागच्या सीटवर झोपल्या होत्या, असं मला वाटलं. "दादा, चार वाजता भरती हाय इथी! हे पोरं तयारी करून राह्यले. गाडी मदात हाय त्याइच्या."

तू म्हणालास, "मावशी काय म्हने?"

"वर घ्या म्हने. पन वर रेती भुसभुशीत हाय, जीप फसन. खाली घे. पोराइले धावाले पट्टा मोकळा पाह्यजे."

तू एकदा पाण्याकडे पाहिलंस. तेव्हा ते बरंच लांब होतं. मग माझ्याकडे पाहिलंस. धावणाऱ्या पोरांसाठी मी किती आटापिटा करत होतो ते तुला दिसलं असणार. तू जीप खाली घेतलीस, पाण्याच्या बाजूला. आणि ढेप्या पोरांच्या मागे धावून त्यांची वेळ बिघडवेल म्हणून मीच त्याला साखळीनं पुढच्या बंपरला बांधलं. जीपच्या सावलीत तो निवांत पडला.

रोडगे मात्र झाले, दादा. वर झाडांजवळ गोवऱ्या रचल्या, वहिनींनी वांग्याची भाजी केली, तू रोडगा फोडून त्यात तूप ओतलंस. मावशीला दिला. तिनं एक घास खाल्ला आणि विचारलं, "हे भाजलंय कशावर?" आपण तिघंही पाण्याकडे बघायला लागलो. ढेप्याचा वाटा त्याला खाली नेऊन दिला. तुडुंब जेवलो आणि सावलीत आडवे झालो. वहिनी आधीच घोरत होत्या.

मला जाग आली ती ढेप्याच्या आवाजानं. तो भुंकत नव्हता, ओरडत होता. उठून पाहतो तर जीप समुद्रात उभी. चाकं पूर्ण बुडलेली. ढेप्या मागच्या पायांवर उभा राहून बंपरला पंजे लावत होता, आणि प्रत्येक लाटेला त्याचं डोकं दिसेनासं व्हायचं.

आपण दोघंही विहिरीत पोहायला शिकलेले. पण विहीर माणसाच्या अंगावर चालून येत नाही. मी काठावर थिजलो. तू गेलास. तुझा गुडघा दुखरा, तरी तू कमरेएवढ्या पाण्यात गेलास, लाट तोंडावर घेतलीस, साखळीची कडी काढलीस आणि ढेप्याला खांद्यावर टाकून आणलंस. मग कोळी लोक होड्या ओढायचा ट्रॅक्टर घेऊन आले, ती धावणारी पोरं दोराला लागली, आणि जीप हळूहळू वर आली. दारं उघडली तसं आतून पाणी सांडलं. तुझ्या चपला त्यात वाहून गेल्या.

मावशी तरातरा खाली आली. "अहो, सांगितलं होतं ना मी! चारला भरती आहे म्हणून! कोणाला सांगितलं होतं मी?"

तू गुडघाभर पाण्यात उभा होतास. तू माझ्याकडे पाहिलंस. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं, दादा. पण त्यातून काही निघेना. तेव्हा तू तिच्याकडे वळलास आणि म्हणालास, "मावशी, मले वाटलं पोलीस भरती हाय."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग ट्रॅक्टरवरचा माणूस हसायला लागला, हसता हसता खालीच बसला. पोरं हसली. मावशी कपाळाला हात लावून हसली. आणि मीही हसलो. ते हसणं मला आजपर्यंत पचलेलं नाही.

जीप दुरुस्त व्हायला दोन दिवस गेले. मावशीच्या वाडीत ताडपत्री बांधून राहिलो. तू म्हणायचास, "आता बेइमानी नाही करनार ही गाडी. समुद्राचं मीठ खाल्लं हाय तिनं." ढेप्या पाण्याच्या दिशेनं तोंडही करत नव्हता, आणि तरी त्याला समुद्र आवडला असं तू घरी आल्यावर सगळ्यांना सांगायचास. येताना जालन्याच्या पुढे मी म्हणालो होतो, "दादा, थे भरतीचं..." तू म्हणालास, "समोर पाह्य, ट्रक हाय." समोर ट्रक नव्हता. मी पुन्हा विचारलं नाही.

गावात ती गोष्ट तुझीच झाली. तू ती रंगवून सांगायचास, दर वेळी पाणी दोन बोटं वर चढायचं. स्टँडवर तुला "भरतीवाले" म्हणायला लागले. तुला फरक पडत नाही, असं मी स्वतःला समजावत होतो. मग एकदा शिरपूरला पाहुण्यांना सोडायला आपण गेलो होतो. तुझ्याच जुन्या स्टँडवर, तुझ्याच हाताखाली शिकलेला ड्रायव्हर यात्रेकरूंना म्हणाला, "यांच्या गाडीत बसू नका, पान्यात घालतीन." सगळे हसले. तूही हसलास. पण मी शेजारच्या सीटवर होतो. तीस वर्षांत ज्याच्या गाडीला ओरखडा आला नाही, त्या माणसाचं हसणं मला जवळून दिसलं. तेव्हाही मी बोललो नाही.

गेल्या उन्हाळ्यात तू म्हणालास, यंदा पुन्हा जाऊ, उरलेला किनारा पाहू. मी म्हणालो, सध्या फॉर्म चालू आहेत. तू "बरं" म्हणालास. फॉर्म चालू होते हे खरं आहे. पण तुझ्याबरोबर आठ दिवस एकाच गाडीत बसायची मला लाज वाटत होती, हे जास्त खरं.

तर, तुझी तेरवी. बापूकाकांचं वाक्य झालं, मांडव हसला आणि मी उभा राहिलो. म्हणालो, "काका, थांबा. थे दादा नाही म्हनला. भरतीचं मी समजलो होतो. गाडी खाली घ्याले मी सांगतलं. कुत्रं मी बांधलं."

मला वाटलं, झालं, आता माझी पाळी. काका माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरले होते. सगळ्यांकडे वळून म्हणाले, "पाह्यलं काय? गेलेल्या भावाची चूक सोताच्या आंगावर घेऊन राह्यला. भाऊ असावा तं असा!"

दादा, बाया रडायला लागल्या. एका म्हाताऱ्या माणसानं येऊन माझे हात हातात घेतले. मी तीन वेळा सांगितलं, शपथ घेऊन सांगितलं. जेवढ्या वेळा सांगितलं तेवढा मी त्यांच्या नजरेत मोठा होत गेलो. जे तू केलंस त्याची शाबासकी मला मिळाली, तीही तुझ्या फोटोसमोर.

मी उठून मागच्या अंगणात गेलो. वहिनी भांड्यांच्या ढिगाशेजारी पाट घेऊन बसल्या होत्या, ढेप्या त्यांच्या पायाशी. तो व्यवस्थित जेवतो. तू गेलास त्या दिवशीही जेवला, मला त्याचा राग आला होता. आता येत नाही.

मी म्हणालो, "वहिनी, तुमाले तरी खरं वाटते ना?"

त्या म्हणाल्या, "वाटाले काय झालं, भाऊजी. मी जागीच होती. तुमी सरबताचे ग्लास घेऊन पयत आले, काय काय बोलले, सारं आयकलं. मले बी भरती म्हंजे काय ठाव नव्हतं, नाहीतं मी नसतं का थांबवलं?"

"मंग तुमी कायले चूप राह्यल्या?"

"त्याइनं सांगतलं म्हनून." वहिनींनी ढेप्याच्या पाठीवरून हात फिरवला. "त्याच दिवशी मी इचारलं त्याइले, काहून घेतलं सोतावर? तं म्हने, मले हासतीन तं दोन दिवस हासतीन. पन त्याले भरतीवरून कोनी हासलं, तं थो पुन्हा त्या यादीसमोर जाऊन उभा राहीन. थे मी एकदा पाह्यलं हाय, पुन्हा नाही पाहनार."

ती यादी लागली त्या दिवशी तू माझ्याबरोबर होतास. भिंतीवर कागद होता, मी तो वरून खाली, पुन्हा वरून खाली वाचत होतो आणि तू मागे उभा होतास. त्या दिवशी तू काहीच बोलला नव्हतास. मला इतकी वर्षं वाटायचं, तुझी निराशा झाली होती.

मी तिथेच खाली बसलो आणि रडलो. तू गेल्यानंतर पहिल्यांदा. वहिनींनी मला थांबवलं नाही. बऱ्याच वेळानं पदरानं स्वतःचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "उठा आता. आज नाही मानलं लोकाइनं तं उद्या सांगा. परवा सांगा. सांगत राहा. कोनी ना कोनी मानीन."

स्टँडवर उद्यापासून सांगणार आहे. पण आधी ज्याला सांगायला हवं होतं, त्याला अजून सांगितलंच नव्हतं. दादा, चूक माझी होती.